दळण, भाकरी आणि विडी : सोलापुरातील घरकाम व स्त्रियांची कमाई

'दळणकांडण करून मुलांना वाढविले' हा वाक्प्रयोग मराठी चरित्रांत व आत्मचरित्रांत इतक्या वेळा आढळतो की, वाचकाची दृष्टी त्यावर क्षणभरही थांबत नाही. निराधार आईच्या हलाखीचे ते एक ठरीव चिन्ह होऊन बसले आहे. वास्तविक या शब्दांत एक आर्थिक घटना नोंदली गेली आहे. दळण आणि कांडण ही कामे एके काळी घरोघर होत असत. स्त्री ती स्वतःच्या चुलीसाठी करी तेव्हा तिला कोणी दळणकांडण करून संसार चालविणारी म्हणत नसे. तीच स्त्री तीच कामे दुसऱ्याच्या घरासाठी, धान्याच्या मापाच्या हिशेबाने करू लागली की ती मोलाची होत. हात तेच, जाते तेच, श्रमही तेवढेच. बदलत असे ती धान्याची मालकी. 'मोलकरीण' हा शब्दही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. संस्कृत 'मूल्य' या शब्दापासून आलेल्या 'मोल'चे मराठीत किंमत आणि मजुरी असे दोन्ही अर्थ झाले, आणि मोलाने काम करणारी ती मोलकरीण ठरली. सुतार, शिंपी, कुंभार या शब्दांत कामाची ओळख आहे. मोलकरीण या शब्दात ती नाही. काम कोणते हे सांगण्याची गरज भाषेला वाटली नाही, कारण ते सर्वांनाच ठाऊक होते.

१९३४ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मार्गारेट रीड यांनी गृहांतर्गत उत्पादनावरील आपल्या ग्रंथात एक कसोटी सुचविली. जे काम मोबदला देऊन तिसऱ्या व्यक्तीकडून करून घेता येते, ते उत्पादक श्रम समजले पाहिजे, असा तिचा आशय होता. घरकाम म्हणजे आळसाचा काळ नव्हे, हे या कसोटीने अर्थशास्त्राला प्रथम नीट सांगितले. तथापि ही तिसरी व्यक्ती कोण, ती स्त्री की पुरुष, तिच्या हाती यंत्र आहे की परात, हा प्रश्न त्या कसोटीत येत नाही. सोलापूरच्या औद्योगिक इतिहासात मात्र तो पदोपदी येतो. या शहरात सुमारे दीडशे वर्षे निरनिराळी घरकामे घराबाहेर जात राहिली आहेत. जे काम यंत्राबरोबर बाहेर गेले ते बहुधा पुरुषाकडे गेले व त्याला धंद्याचा भाव मिळाला. जे नुसत्या हातांनिशी बाहेर गेले ते दुसऱ्या स्त्रीकडे गेले आणि त्याचा भाव घरकामाचाच राहिला. काम बाहेर देणाऱ्या स्त्रीला कमाईसाठी किती वेळ मोकळा झाला, हे पाहताना घेणारीला काय मिळाले हेही पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

सोलापूर जिल्ह्याचे मुख्य अन्न ज्वारी. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतील रब्बी ज्वारी सर्व महाराष्ट्रात नावाजलेली आहे. शहरातील तीन भाषिक समाजांनी, मराठीत भाकरी, कानडीत रोट्टि आणि तेलुगूत रोट्टे म्हणून, याच धान्यावर दिवस काढले. गव्हाच्या पिठात जो चिवट अंश असतो तो ज्वारीत नसतो. त्यामुळे या पिठाचे दोन विशेष घडतात. एक म्हणजे ते फार दिवस साठविता येत नाही. जुने झाले की 'विरी जाते', म्हणजे त्याचा चिकटपणा सुटतो व भाकरी थापताना तडकते. दुसरे म्हणजे पोळीसारखी ती लाटून भागत नाही. आधणाच्या पाण्यात मळून, एकेक करून, हाताने थापावी लागते. पहिल्या विशेषामुळे दळण वारंवार करावे लागे आणि पहाटे जात्यावर बसणे हा स्त्रीच्या दिनक्रमाचा अटळ भाग होता. दुसऱ्या विशेषाचे परिणाम पुढे दिसतील.

मोलाने दळणाऱ्या स्त्रिया किती होत्या याची कल्पना सरकारी नोंदींवरूनही येते. ब्रिटिश काळातील खानेसुमारीत भात कांडणारे व पीठ दळणारे असा व्यवसायाचा स्वतंत्र वर्ग केलेला असे, आणि त्यात भरणा मुख्यतः स्त्रियांचा होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या व पुढे विजेच्या पीठगिरण्या गावोगाव निघू लागल्या तसा हा वर्ग क्षीण होत गेला. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा हातदळणीच्या पिठाचा पुरस्कार करताना गांधीजींनी पिठाच्या सत्त्वाबरोबर गरीब स्त्रियांच्या बुडालेल्या मजुरीचाही मुद्दा मांडला होता. त्या मुद्द्याला यश येण्यासारखे नव्हते. रोज पहाटे जाते ओढणाऱ्या कोणत्याही स्त्रीला पीठगिरणी नको होती, असे म्हणण्यास कसलाही आधार नाही. पण बदल कसा झाला हे लक्षात घेतले पाहिजे. जात्याच्या खुंट्याला स्त्रीचा हात असे. गिरणीच्या पट्ट्याला पुरुषाचा हात आला. दळणाचा दर आता उघडपणे पाटीवर लिहिला जाऊ लागला आणि दळण ही गिरणीवाल्याची मिळकत झाली. जिचे घरचे दळण गेले तिचा वेळ वाचला. जिचे मोलाचे दळण गेले तिची भाकरी गेली. या दोघी एकाच आळीत राहात होत्या. जात्यावरच्या ओव्या मात्र वाचल्या. हेमा राईरकर व गी पॉइटेव्हिन यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला, आणि भाषाभ्यासकांना त्याचे मोल सांगावयास नको. पायलीभर दळणाला त्या गाणाऱ्या स्त्रीला काय मिळे, याची नोंद एवढ्या कसोशीने झालेली नाही.

मराठीत 'गिरणी' हा एकच शब्द पिठाची आणि कापडाची अशा दोहोंना चालतो. सोलापुरात तर नुसते गिरणी म्हटले की कापडगिरणीच समजली जाई. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे लोकांची 'जुनी मिल', १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या निघाल्या. स्त्रियांना काम मिळे ते प्रामुख्याने सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, म्हणजे वाइंडिंग आणि रीलिंगमध्ये. तेथे मजुरी बहुधा मालाच्या मापावर असे. कायद्याने १८९१ मध्ये स्त्रियांचा दिवस अकरा तासांचा केला व रात्रीच्या कामावर बंधन घातले. अकरा तास ही मर्यादा म्हणजे त्या काळची सवलत! ती ध्यानात घेतली म्हणजे गिरणीतल्या स्त्रीच्या घरी चूल कोण पेटवीत होते हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

मुंबईच्या गिरणगावात याला एक उत्तर निघाले होते. तेथील बहुसंख्य कामगार गावाकडे कुटुंब ठेवून आलेले असल्यामुळे त्यांच्या जेवणाचा व्यवहार खाणावळीवाल्या बायांनी उचलला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून याच बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, हा त्या इतिहासाचा पुढील भाग. सोलापूरची ठेवण निराळी होती. येथील कामगार आसपासच्या तालुक्यांतून, मराठवाड्यातून, तेलंगणातून आला तो पुष्कळदा बायकामुलांसह आला. त्यामुळे खाणावळीपेक्षा घरातल्या घरातच कामाचे हस्तांतर झाले. सासू, विधवा नणंद, आणि सर्वांत जास्त करून थोरली मुलगी, यांनी गिरणीत जाणाऱ्या स्त्रीचे घर सांभाळले. येथे मोल दिले जात नव्हते म्हणून कोणत्याही ताळेबंदात ते दिसत नाही. पण किंमत मोजली गेली होतीच. धाकट्याला कडेवर घेऊन दारात बसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत नव्हती, आणि तिच्या आईची आजची मजुरी ही काही अंशी त्या मुलीच्या उद्याच्या मजुरीतून वळती केलेली होती. जेथे सांभाळणारे कोणीच नसे तेथली गोष्ट याहून कठीण. मुंबईत १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी सरकारतर्फे गिरणीकामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी केली, तेव्हा तान्ह्या मुलांना अफू चारून निजविण्याची चाल या वर्गात सर्रास असल्याचे आढळले. पाळणाघर नसले म्हणजे अफूची गोळी पाळणाघराचे काम करते.

१९२९ मध्ये मुंबई इलाख्याने प्रसूतिलाभाचा कायदा केला; हिंदुस्थानातील तो पहिलाच. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आणली गेली. या कायद्यांमागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु स्त्रीचे घरकाम हा कारखान्याच्या खर्चाचा भाग ठरताच मालकाच्या दृष्टीने स्त्री-कामगार महाग झाली. त्यातच विवेकीकरणाच्या योजना आल्या, वाइंडिंगची जलद यंत्रे आली आणि रात्रपाळी स्त्रियांना बंद होती. मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात एकपंचमांश ते एकचतुर्थांश असलेले स्त्रियांचे प्रमाण पुढील दोन दशकांत निम्म्याच्या आसपास उतरले. राधा कुमार यांनी १९८३ मधील आपल्या निबंधात या घसरणीची जी चिकित्सा केली आहे, तिच्यात कुटुंबाची कल्पना आणि कारखान्याची गरज यांची सांगड उत्तम रीतीने दाखविली आहे. सोलापुरात या घसरणीच्या जोडीला गिरण्यांचीच अस्थिरता होती. १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली व केंद्र सरकारला दुसऱ्या वर्षी खास कायदा करून तिचा ताबा घ्यावा लागला. १९९० च्या दशकात लक्ष्मी-विष्णूही बंद पडली.

हातमागावरील पद्मशाली कुटुंबांविषयी येथे थोडक्यात सांगितले तरी पुरे. माग पुरुषाचा आणि कांड्या भरणे बायकोचे, अशी वाटणी असे. मागाची मजुरी पुरुषाच्या नावे मिळे. कांड्यांची वेगळी मजुरी नसे, कारण ते घरातलेच काम धरले जाई. घरातच कारखाना आला तरी त्यातील स्त्रीचा वाटा घरकामात जमा झाला, एवढे या उदाहरणावरून दिसते.

याच समाजातील स्त्रियांना पुढे विडीने स्वतःच्या नावाची कमाई दिली. सोलापुरात विडी वळणाऱ्या स्त्रिया हजारोंनी मोजाव्या लागतात, आणि त्यांत तेलुगू बोलणाऱ्या फार मोठ्या संख्येने आहेत. येथे गिरणीच्या उलट क्रम झाला. गिरणीसाठी स्त्रीने घर सोडले आणि घरकाम कोणावर तरी सोपविले. विडीत काम स्वतःच घरी चालून आले. घरकाम कोणावर सोपविण्याचा प्रश्नच उरला नाही असे मालकाला, नवऱ्याला आणि कायद्यालाही वाटले. शाखेतून पाने, तंबाखू व दोरा आणावयाचा. रात्री पाने भिजवून ठेवावयाची. सकाळी ती मापाने कातरावयाची. मग मांडीवर सूप घेऊन वळावयास बसावयाचे. शेवटी कट्टे बांधून शाखेत मोजून द्यावयाचे. मोजताना काही विड्या 'छाट' म्हणून बाजूला पडतात आणि त्यांची मजुरी मिळत नाही. दर हजारी आहे. कसबी हाताला हजार विड्यांस आठ-दहा तास लागतात. आता हे तास सलग कधीच मिळत नाहीत, ही या कमाईची खरी गोम आहे. चहा, भाकरी, धुणे, आजारी सासरा, शाळेतून येणारे मूल, प्रत्येकासाठी सूप खाली ठेवावे लागते, आणि प्रत्येक वेळी किती विड्या कमी झाल्या हे त्या स्त्रीला बिनचूक सांगता येते. मासिक पगारावरील स्त्रीचे घरकाम तिच्या झोपेतून जाते. हजारी दरावरील स्त्रीचे ते मजुरीतूनच जाते.

सोलापुरात पाणी हे याचे उत्तम उदाहरण आहे. उजनीसारखे मोठे धरण १९८० पासून जिल्ह्यात असूनही चालू शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या प्रारंभी शहरातील नळांना रोज पाणी येत नव्हते. पाण्याचा दिवस म्हणजे पिंप, हंडे, घागरी भरण्याचा आणि साठलेले धुणे उरकण्याचा दिवस. त्या दिवशी विड्यांची संख्या घटणारच. नगरपालिकेच्या जलवाहिनीचा आणि स्त्रीच्या हजारी मजुरीचा असा सरळ संबंध असतो, हे अर्थसंकल्पावरील चर्चेत सहसा कोणी बोलत नाही.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले, ही मोठी गोष्ट झाली. परंतु त्याच कायद्यातील पाळणाघराची तरतूद औद्योगिक वास्तूपुरती, आणि तीही पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या वास्तूपुरती होती. घर ही तशी वास्तू नव्हे. विडी वळणारी आई घरीच असते, मग मूल सांभाळावयास निराळी सोय कशाला, हा त्यामागील गृहीतविचार स्पष्ट आहे. परिणामी घरातील मुलीच्या हाती एक तर मूल आले किंवा विड्यांची तोंडे मिटण्याचे काम आले. २००६ मध्ये कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिची गणना सामान्यतः गृहनिर्माणात होते. ज्या स्त्रीचे घर हाच तिचा कारखाना आहे, तिच्या बाबतीत ती कारखान्याची मालकी म्हणूनही मोजावयास हवी.

यानंतर भाकरीकडे परतले पाहिजे, कारण दळणाच्या इतिहासाचा उलटा भाग तिच्यात आहे. पीठ यंत्राने दळता आले. ज्वारीची भाकरी मात्र थापणाऱ्या हातावरच अवलंबून राहिली. त्यामुळे हे काम घराबाहेर गेले तेव्हा ते पुरुषाच्या गिरणीत न जाता दुसऱ्या स्त्रीच्या तव्यावर गेले. त्यातही एक अडचण होती. ताजी भाकरी त्याच दिवशी खाल्ली पाहिजे. तिला बाजार गाठण्यास वेळ नसतो. सोलापूरच्या कडक भाकरीने ही अडचण सोडविली. पातळ थापून, भाजून, आचेजवळ पूर्ण वाळवून कुरकुरीत केलेली ही भाकरी कित्येक दिवस टिकते, डब्यात प्रवास करते आणि शेंगाचटणीबरोबर पुण्यामुंबईच्या दुकानांत जाऊन बसते. प्रवाशाची आणि शेतकऱ्याची ही जुनी युक्ती. तिचा माल झाला तो शहरांतील घरांत भाकरी थापणारा हात दुर्मिळ झाल्यावर. गिऱ्हाईक पुष्कळदा नोकरी करणारी स्त्रीच असते. तिचा सकाळचा अर्धापाऊण तास वाचतो. बनविणारीला मात्र मजुरी नगावर मिळते. धूर, आच, बसून थापण्याने धरलेली कंबर, यांचा त्या नगात समावेश नाही.

येथे एक आक्षेप येणे शक्य आहे. घरकामाचा माल झाला म्हणजे त्याची मजुरी कमीच राहते असे नाही. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापडाचा उद्योग आरंभिला व त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. पापड लाटणे हेही घरकामच होते. आक्षेप योग्य आहे, पण त्यातून निराळाच मुद्दा निघतो. लिज्जतमध्ये काम बदलले नव्हते, लाटणारी घरीच लाटत होती. बदलली ती मालकी, कारण लाटणारीच संस्थेची सभासद होती. भाकरी थापणाऱ्या बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत तव्यापुढची साखळी, म्हणजे वेष्टन, वाहतूक, दुकान, दुसऱ्याच्या हाती असते. दळणाच्या पट्ट्याचा धडा येथे पुन्हा भेटतो, फक्त पट्ट्याच्या जागी आता प्लास्टिकची पिशवी आहे.

शिक्षिका, परिचारिका, बँकेतील कारकून अशा स्त्रियांची संख्या वाढली तसे धुणेभांडी, केरफरशी आणि स्वयंपाक हे घराबाहेरील स्त्रीकडे सोपविणे मध्यमवर्गात सार्वत्रिक झाले. याचा हिशेब घरोघर कसा मांडला जातो हे पाहण्यासारखे आहे. मोलकरणीचा पगार नवऱ्याच्या मिळकतीतून वजा करण्याची पद्धत नाही. तो बायकोच्या पगारातून वजा होतो, आणि 'इतके बाईला देऊन उरते काय?' असा प्रश्न तिलाच विचारला जातो. म्हणून तिचा स्वार्थ मोलकरणीचा दर खाली ठेवण्यात राहतो. एका स्त्रीच्या नोकरीचे समर्थन दुसरीच्या स्वस्ताईवर उभे करण्याची ही रचना दोघींपैकी कोणीही निर्माण केलेली नाही. पण तिची घासाघीस या दोघींमध्येच होते. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, तेव्हा पगारवाढीच्या बरोबरीने सुटीची मागणी होती. आजारपणात किंवा सणाला घरी राहता येणे हा हक्क आहे, हे त्यापूर्वी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. 'घरेलू' हा हिंदी शब्द राजभाषेने उसना घेतला, 'मोलकरीण' टाळला. त्यामागील भावना चांगली असेल. पण जुन्या शब्दातील 'मोल' त्याबरोबर गेले, आणि राहिले ते घर.

भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरची बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांवरील सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगारविषयक पत्रकांत तर केवळ घरकाम करणाऱ्या व्यक्तीस ९२ आणि घरकामाबरोबर घरच्या वापरासाठी सरपण गोळा करणे, शिवणकाम यांसारखी कामे करणाऱ्या व्यक्तीस ९३ हा संकेतांक देतात, आणि हे दोन्ही श्रमशक्तीच्या बाहेर धरले जातात. भाकऱ्या थापून विकणारी किंवा शाखेतून पाने आणणारी स्त्री नियमाप्रमाणे या संकेतांकांत येऊ नये. पण पाहणी करणाऱ्याच्या प्रश्नाला तिच्याकडून येणारे उत्तर पुष्कळदा ठरलेले असते : 'काही नाही, घरीच असते.' मराठीत 'घरी असणे' हे स्थलवाचक विधान आहे. त्यात काम करण्याचा अथवा न करण्याचा काहीच निर्देश नाही. पत्रकात मात्र त्याचे भाषांतर 'काम करीत नाही' असे होते. सोलापूरसारख्या शहरात, जेथे पाने घरी भिजतात, भाकरी घरी वाळते आणि कांड्या घरी भरल्या जातात, तेथे या एका भाषांतरामुळे किती स्त्रियांची कमाई नोंदीबाहेर राहिली असेल, हे पत्रक घेऊन जाणाऱ्याने दुसरा प्रश्न विचारला की नाही यावर अवलंबून आहे.